फोनवरचा दवाखाना : खर्च नेमका कुठे होतो?

तालुक्यातील एका पतसंस्थेच्या संचालकांचे पत्र आले आहे. संस्थेला यंदा २५ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त सभासदांच्या आरोग्यासाठी काही कायमस्वरूपी काम करावे, असे संचालक मंडळाने ठरविले. सभासदांना घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येईल असे मोबाईल ॲप तयार करून घ्यावे, ही सूचना सर्वांना पसंत पडली आणि एका कंपनीकडून १२ लाख रुपयांचे कोटेशनही आले. सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवण्यापूर्वी त्यांनी विचारले आहे, "१२ लाख ही रक्कम वाजवी आहे काय? डॉक्टर म्हणून आपले मत कळवावे."

मी सॉफ्टवेअरचा माणूस नाही. पण दवाखाना चालवायला काय काय लागते, हे एवढ्या वर्षांत चांगले ठाऊक झाले आहे, आणि असले ॲप म्हणजे शेवटी एक दवाखानाच असतो. गाळा घेतला, रंग दिला, पाटी लावली म्हणजे दवाखाना सुरू झाला असे होत नाही. वीज, औषधे, कंपाउंडर, सिस्टर, केरवारा आणि रोज ठरल्या वेळी खुर्चीत बसणारा डॉक्टर, हा खर्च त्यानंतर सुरू होतो आणि थांबत नाही. १२ लाख हे गाळ्याचे आणि पाटीचे पैसे आहेत. ते वाजवी आहेत की नाहीत हे ठरविण्याआधी पुढचा हिशोब मांडलेला बरा. असे प्रस्ताव आता ट्रस्ट, साखर कारखाने आणि ग्रामपंचायतींपुढेही येत आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

नियम काय सांगतात

फोनवर डॉक्टरला विचारणे आपल्याकडे नवे नाही. काळ्या डबड्याच्या फोनच्या काळातही "बाळाला परत ताप आलाय, मागचंच औषध देऊ का?" असे विचारणारे होतेच. आंध्र प्रदेशातील अरगोंडा या गावी २००० साली दूरवैद्यकाचे केंद्र सुरू झाले आणि २००१ पासून इस्रोने उपग्रहाच्या मदतीने दूरची रुग्णालये जोडण्यास सुरुवात केली. पण डॉक्टरांच्या दृष्टीने कायद्याची बाजू बराच काळ अंधारात होती. २०१८ मध्ये रत्नागिरी येथील एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. रुग्ण न पाहता फोनवरून औषधोपचार सांगणे, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. त्यानंतर अनेक डॉक्टरांनी फोनवर गोळीचे नाव सांगणेच बंद केले.

२५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने जाहीर केली. त्यातील चार गोष्टी ॲप काढणाऱ्याने पाठ करून ठेवाव्यात, कारण प्रत्येकीला पैसे पडतात.

पहिली गोष्ट अशी की सल्ला नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यायचा. त्याचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक रुग्णाला दिसला पाहिजे आणि तो क्रमांक खरा आहे याची खात्री ॲप चालविणाऱ्याने करायची. यंत्राने, म्हणजे हल्लीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने, रुग्णाला सल्ला द्यायचा नाही किंवा औषध लिहायचे नाही. ती डॉक्टरला मदत करू शकते इतकेच. दुसरी गोष्ट औषधांची. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी औषधे कोणत्याही फोनवर सांगता येतात. काही औषधे पहिल्या वेळी लिहायची तर व्हिडिओवर रुग्ण पाहावाच लागतो. काही फक्त जुन्या रुग्णाच्या चालू आजारात वाढवून देता येतात, आणि गुंगीची व अंमली औषधे, मोजके अपवाद सोडता, फोनवर लिहिताच येत नाहीत. तिसरी गोष्ट नोंदींची. कोण बोलले, काय सांगितले, काय लिहून दिले, हे सर्व जपून ठेवायचे. चौथी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. समोर बसलेल्या रुग्णाच्या बाबतीत जी जबाबदारी डॉक्टरवर असते तीच फोनवरच्या रुग्णाच्या बाबतीतही असते. "फोनवर नीट कळले नाही" ही सबब चालत नाही. फोनवर भागणार नाही असे वाटले तर डॉक्टरने तसे सांगून रुग्णाला प्रत्यक्ष बोलवायचे.

कोटेशनमध्ये काय असते, काय नसते

संचालकांनी कोटेशनची प्रत सोबत जोडली आहे, हे बरे केले. त्यात रुग्णाची नोंदणी, वेळ घेणे, व्हिडिओ कॉल, पैसे भरणे आणि औषधांची चिठ्ठी अशी पाच कामे आहेत. हे झाले रुग्णाच्या हातातले ॲप. पण डॉक्टरसाठी वेगळा पडदा लागतो, ज्यावर रांग दिसेल, जुनी चिठ्ठी दिसेल, चिठ्ठी लिहिता येईल. आणि संस्थेच्या कार्यालयात बसणाऱ्या माणसासाठी तिसरा पडदा लागतो. डॉक्टर आज रजेवर आहेत हे कळविणे, पैसे परत करणे, तक्रार नोंदविणे ही कामे तो करणार. थोडक्यात, एका ॲपच्या नावाखाली तीन तयार करावी लागतात. कोटेशनमधील १२ लाखांत बाकीची दोन आहेत की नाहीत, हे लेखी विचारा.

गुगलच्या दुकानात ॲप ठेवण्याची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर. हा खर्च किरकोळ आहे. किरकोळ नसलेली गोष्ट वेगळीच आहे. गुगल दरवर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीप्रमाणे ॲप सुधारून घ्यायला लावते. तसे केले नाही तर नवे फोन घेणाऱ्यांना ते ॲप सापडेनासे होते. म्हणजे एकदा बांधून घेतले आणि पुढे पाच वर्षे पाहिलेच नाही, असे येथे चालत नाही. या धंद्यात दरवर्षी बांधणीच्या खर्चाच्या १५ ते २० टक्के रक्कम देखभालीसाठी धरण्याची पद्धत आहे. आपल्या १२ लाखांवर २० टक्क्यांनी वर्षाला २ लाख ४० हजार होतात. कोटेशनमध्ये "एक वर्ष मोफत सेवा" असे लिहिले आहे. दुसऱ्या वर्षाचा आकडा आजच घ्या.

त्याखेरीज व्हिडिओची सेवा बहुधा दुसऱ्या कंपनीकडून मिनिटावर पैसे मोजून घेतली जाते. माहिती साठविण्याच्या सर्व्हरचे भाडे महिन्याचे महिन्याला असते. रुग्णाला ओटीपी पाठविण्याच्या प्रत्येक एसएमएसला काही पैसे पडतात. आणखी एक गोष्ट हिशोबनीसांनी लक्षात घ्यावी. डॉक्टरच्या सेवेवर जीएसटी नाही, पण सॉफ्टवेअर तयार करण्यावर १८ टक्के आहे, आणि सेवा करमुक्त असल्याने भरलेला कर वळता करून घेता येत नाही. म्हणजे १२ लाखांचे १४ लाख १६ हजार होतात.

ओटीपीवरून आठवले. आपल्या भागात घरटी फोन असतो, माणशी नव्हे. दिवसभर तो नवऱ्याबरोबर शेतावर किंवा मुलाबरोबर कॉलेजात असतो. घरी सासूबाईंना चक्कर आली, सुनेने शेजारणीच्या फोनवर ॲप उघडले, आणि ओटीपी गेला शेतावर. पुण्यात बसून ॲप तयार करणाऱ्या हुशार मुलांना ही अडचण दिसत नाही, कारण त्यांच्या घरी ती नसते. एका क्रमांकावर घरातील पाच-सहा माणसे वेगवेगळी नोंदविता आली पाहिजेत, नाहीतर आजोबांच्या रक्तदाबाची चिठ्ठी नातवाच्या खात्यात जाते. शिवाय सगळे मराठीत हवे, अक्षर मोठे हवे आणि रेंज गेली की व्हिडिओ बंद होऊन आवाज तरी चालू राहिला पाहिजे. मध्यम प्रतीच्या चित्राचा व्हिडिओ १० मिनिटे चालला तर दोन्ही बाजू मिळून साधारण ७५ एमबी डेटा जातो. दिवसाचा डेटा मुलांनी दुपारीच संपवलेला असतो, हे वेगळे.

हिशोब मांडून पाहू

आता सर्व खर्च एकत्र करू. खालील आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत. संचालकांनी आपल्याकडील दर घालून हाच हिशोब पुन्हा करावा.

समजा, १२ लाखांचे ॲप ५ वर्षे चालले. म्हणजे महिन्याला २० हजार. देखभाल महिन्याला २० हजार. सर्व्हर, व्हिडिओ आणि एसएमएस मिळून १० हजार. एक डॉक्टर रोज ४ तास देतो. त्याला महिन्याला ६० हजार मानधन. कार्यालयात फोन घेणारा एक माणूस, १५ हजार. पाच गावांत रुग्णाजवळ बसून बीपी, साखर मोजणारी आणि फोन जोडून देणारी अर्धवेळ सिस्टर, प्रत्येकी ८ हजार, म्हणजे ४० हजार. एकूण महिन्याला १ लाख ६५ हजार. जीएसटी यात धरलेला नाही.

डॉक्टरने एका रुग्णाला १० मिनिटे दिली तर कागदावर ४ तासांत २४ रुग्ण होतात. प्रत्यक्षात "हॅलो, ऐकू येतंय का?" यात वेळ जातो, तेव्हा २० धरू. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० रुग्ण. मग एका रुग्णामागे खर्च आला ३३० रुपये. त्यात ॲप बांधण्याचा वाटा फक्त ४० रुपयांचा आहे. डॉक्टरच्या वेळेचे १२० आणि गावातील सिस्टरचे ८० रुपये. संचालक ज्या १२ लाखांवर घासाघीस करीत आहेत तो एकूण खर्चाचा आठवा हिस्साही होत नाही. कोटेशन ९ लाखांवर आणले तरी रुग्णामागे १० रुपयेच वाचतील.

या हिशोबात एक मोठी मेख आहे. महिन्याला ५०० रुग्ण येतील असे आपण धरले. आले १०० च, तर डॉक्टरचे मानधन, सिस्टरचा पगार, सर्व्हरचे भाडे तेवढेच राहते आणि एका रुग्णामागचा खर्च १,६५० रुपये होतो. एवढ्या पैशांत रिक्षा करून तालुक्याला जाऊन, तज्ज्ञाला दाखवून, वाटेत चहा घेऊन परत येता येते. नव्या दवाखान्यात पहिली एक-दोन वर्षे डॉक्टर माशा मारीत बसतो, ॲपचेही तसेच असते. त्या काळाची तरतूद ज्या अंदाजपत्रकात नाही ते अंदाजपत्रक अपुरे आहे.

पैशाची कमतरता नसलेल्यांचीही यात दमछाक झाली आहे. ब्रिटनमध्ये २०१३ साली निघालेली बॅबिलॉन ही कंपनी मोबाईलवरून डॉक्टरचा सल्ला देण्यासाठी जगभर गाजली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात तिची किंमत ४ अब्ज डॉलरच्या घरात गेली आणि २०२३ मध्ये ती कोसळली. अमेरिकेतील वॉलमार्टने आपली ५१ आरोग्य केंद्रे आणि त्यांच्याबरोबरची ऑनलाईन डॉक्टर सेवा बंद करीत असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. चालविण्याचा वाढता खर्च हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते. ॲप बांधता आले नाही म्हणून यांतले कोणी बुडाले नाही.

रुग्णाजवळचा माणूस

वरील हिशोबात गावातील सिस्टर कशाला घातली, असे कोणी विचारील. तिला वगळले तर महिन्याचे ४० हजार वाचतात. पण डॉक्टर म्हणून सांगतो, तिला वगळून हा दवाखाना चालवू नये.

फोनवरून मला रुग्णाचा चेहरा दिसतो, बोलणे कळते, पुरळाचा फोटो पाहता येतो, रिपोर्ट वाचता येतो. पोट दाबून पाहता येत नाही. छातीला नळी लावता येत नाही. पोटदुखी साध्या गॅसची की अपेंडिक्सची, हे बरेचदा बोटांनाच कळते. "मला गरगरतंय" असे सांगणाऱ्या माणसाचा रक्तदाब ९० आहे की १९० हे कळल्याशिवाय माझ्या सल्ल्याला काही किंमत नाही. तेथे कोणी शेजारी बसून बीपी मोजले, बोटाला ऑक्सिजनचे यंत्र लावले, साखर पाहिली, की तोच फोन एकदम कामाचा होतो. खोकला झालेल्या लहान मुलाच्या बाबतीत तर साधे घड्याळही पुरते. मूल शांत असताना त्याचे पोट वर-खाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजायचे. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर तो न्यूमोनिया असू शकतो. अशा वेळी फोन ठेवून दवाखाना गाठायचा. हे मोजायला शिकलेली बाई गावात असणे कोणत्याही ॲपपेक्षा मोलाचे आहे.

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, झटके, सर्पदंश, गरोदर बाईला रक्तस्राव, धाप, बेशुद्धी यांत ॲप उघडत बसू नये. १०८ ला फोन करावा. ॲपच्या पहिल्याच पानावर हे मोठ्या अक्षरात असावे, अशी अट संस्थेने घालावी.

उलट जुना रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड यांची महिन्याची तपासणी, ऑपरेशननंतरची विचारपूस, रिपोर्ट दाखविणे, त्वचेचे आजार, क्षयरोगाच्या गोळ्यांनी होणारा त्रास, यांत फोनचा खरा फायदा आहे. एका म्हाताऱ्या रुग्णाला तालुक्याला यायचे तर सोबत एक जण लागतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि त्याआधी २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत आहे. पण सोबत येणाऱ्या मुलाची दिवसाची मजुरी बुडते ती कोणी भरून देत नाही. महिन्यातून एक फेरी वाचली तरी वर्षाच्या १२ मजुऱ्या वाचल्या. आपल्याकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे तर विचारूच नका. बाईचे गरोदरपणाचे कार्ड गावी ट्रंकेत आणि ती सांगली-कोल्हापूरच्या फडात, असे दरवर्षी घडते. तिच्या नोंदी फोनवर निघाल्या तर तेथल्या डॉक्टरला पहिल्यापासून विचारावे लागणार नाही.

माहितीची राखण

पण या नोंदी फोनवर निघतात तशा चोराच्या हातीही लागू शकतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील संगणकांवर हल्ला झाला आणि देशातील सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाला त्यानंतर दोनेक आठवडे बरेचसे काम कागदावर करावे लागले. तेथे ही गत, तर पतसंस्थेच्या ॲपचे काय? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीची पुरेशी राखण केली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान संस्थेला एवढा दंड होईल असे नव्हे, पण जबाबदारी कंपनीची की संस्थेची हे करारात लिहून घेतले नाही, तर नोटीस संचालकांच्या नावाने येईल. नोंदी कोणी पाहायच्या, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड कोणी बंद करायचा, रोजची दुसरी प्रत कोठे ठेवायची, या कामांना माणूस लागतो आणि त्याला पगार लागतो. ॲपचा मूळ मसुदा, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो संस्थेच्या मालकीचा राहील हेही करारात हवे. नाहीतर कंपनी बदलायची म्हटले की पुन्हा पहिल्यापासून १२ लाख.

येथे वाचकांसाठी थोडे वेगळे सांगतो. "डॉक्टरचा सल्ला मोफत" अशी जाहिरात करणाऱ्या खासगी ॲपचाही वर मांडला तसाच खर्च होत असतो. तो कोणीतरी भरतोच. कोठे औषधांच्या विक्रीतून, कोठे तपासण्यांच्या कमिशनमधून, आणि कोठे आपल्याच माहितीतून. अमेरिकेत मानसोपचाराचा सल्ला देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने रुग्णांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिली, असा ठपका तेथील सरकारी आयोगाने ठेवला. २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. सेरेब्रल नावाच्या दुसऱ्या कंपनीवर २०२४ मध्ये अशीच कारवाई झाली. आपल्या मनाचा आजार जाहिरातदाराला कळावा, असे कोणाला वाटेल? तेव्हा फुकट ॲप घेताना डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दिसतो का, औषध अमुकच दुकानातून घ्या असा आग्रह होतो का, एवढे तरी पाहावे. औषधाचे दुकान निवडण्याचा हक्क रुग्णाचा आहे, हे २०२० च्या नियमांतच लिहिले आहे.

तर मग संस्थेने काय करावे

माझे मत संचालकांना कदाचित आवडणार नाही. हे ॲप करून घेऊ नये.

जे करायचे ते सरकारने आधीच करून ठेवले आहे आणि ते रुग्णाला फुकट आहे. मोहाली येथील सी-डॅक या सरकारी संस्थेने ई-संजीवनी ही सेवा तयार केली. ती २०१९ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून घरून थेट डॉक्टरशी बोलण्याची सोयही झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर १० कोटी सल्ले दिले गेले होते. मोबाईल क्रमांकाने नोंदणी करायची, टोकन घ्यायचे, आपली पाळी आली की डॉक्टर समोर येतात आणि चिठ्ठी फोनवर मिळते. दुसरा मार्ग गावातल्या उपकेंद्राचा. आता त्यास आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून, तपासून, मोठ्या केंद्रातील डॉक्टरशी जोडून देतात. ई-संजीवनीवरील बहुतेक सल्ले याच दुसऱ्या मार्गाने झालेले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लोकांना रुग्णाजवळ बसलेला माणूस हवा असतो. मनाच्या आजारांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही मोफत सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तिला तर साधा फोनही पुरतो.

या सेवा निर्दोष आहेत असे मी म्हणणार नाही. कधी रांग लांबते, कधी आवाज तुटतो, कधी आज एक डॉक्टर आणि पुढच्या वेळी दुसरेच भेटतात. पण त्या सुधारण्यासाठी लागणारा खर्च संस्थेच्या आवाक्यातला आहे आणि नवे ॲप चालविण्याचा नाही. आपल्या मूळच्या १२ लाखांत पाच गावांच्या पाच अर्धवेळ सिस्टरांचा दोन वर्षांचा पगार निघतो. तो ९ लाख ६० हजार होतो. उरलेल्या २ लाख ४० हजारांत प्रत्येक गावासाठी एक बरा मोठ्या पडद्याचा फोन, बीपीचे यंत्र, साखरेचे यंत्र, ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र, वजनकाटा आणि इंटरनेटचा खर्च सहज बसतो. सिस्टरने सभासदाच्या घरी जावे किंवा संस्थेच्या शाखेत ठराविक वेळी बसावे, ई-संजीवनी लावून द्यावी आणि चिठ्ठीतले औषध समजावून सांगावे. त्यासाठी आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून घ्यावे, म्हणजे उपकेंद्राच्या कामात दुहेरीपणा येणार नाही.

दोन वर्षांनी संस्थेच्या हाती नोंदी असतील. किती रुग्ण आले, किती जणांचे काम फोनवर भागले, किती जणांना तालुक्याला पाठवावे लागले. महिन्याला ५०० रुग्ण खरोखर येत आहेत असे दिसले, तर स्वतःच्या ॲपचा विषय तेव्हा पुन्हा काढावा. रुग्णसंख्या माहीत असली की कंपनीशी बोलणेही वेगळ्या जोमाने होते.

यंत्रे घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. दंडावर बांधायचे डिजिटल बीपी यंत्र दीड-दोन हजार रुपयांत चांगले मिळते. मनगटाचे घेऊ नये. त्याबरोबर मोठ्या मापाचा पट्टा वेगळा मागून घ्यावा, कारण जाड दंडावर साधा पट्टा बांधला तर रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि माणूस उगाच गोळीवर जातो. साखरेचे यंत्र निवडताना यंत्राची किंमत पाहू नये, पट्टीची पाहावी. यंत्र एकदाच घ्यायचे असते, पट्ट्या रोज लागतात. पट्ट्यांची डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवावी आणि डबी घट्ट बंद ठेवावी. पावसाळ्यात दमट झालेली पट्टी चुकीची साखर दाखविते.